पेठेतले जुने दुकान आणि त्याचे दप्तर

मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, सातपुड्याच्या रांगा उतरत जिथे नागपूरच्या काळ्या कापूसपट्टीला मिळतात, त्या पट्ट्यात पांढुर्णा आणि सौंसर ही दोन गावे वसली आहेत. छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन तालुके वेगळे काढून २०२३ साली पांढुर्णा हा राज्याचा नवा जिल्हा करण्यात आला. येथे घरात, शेतात आणि बाजारात मराठी बोलली जाते, सरकारी कागद हिंदीत निघतो, कापसाचा आणि संत्र्याचा भाव नागपूरकडे पाहून ठरतो आणि बदलीचा हुकूम भोपाळहून येतो. अशा मुलखाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती सामान्यतः दोन प्रकारची साधने लागतात. देवगडचे गोंड राजे आणि त्यांच्यानंतर आलेले नागपूरकर भोसले यांच्याविषयीची राजकीय माहिती हे त्यांपैकी एक. आणि ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियर, म्हणजे चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेले १८७० चे मध्यप्रांताचे व आर. व्ही. रसेल यांच्या संपादकत्वाखाली १९०७ साली निघालेले छिंदवाडा जिल्ह्याचे, हे दुसरे. दोन्ही साधने मोलाची आहेत, परंतु एकाची नजर किल्ल्यावरून आणि दुसऱ्याची तहसील कचेरीतून गावावर पडते. पेठेत काय विकले जात होते, कोणत्या खेड्यातला कुणबी कोणाकडे उधार नेत होता, दुष्काळात ती उधारी बुडाली की जमिनीवर चढली, याचा पत्ता त्यांत क्वचितच लागतो. तो लागतो पेठेतल्या जुन्या दुकानात. आणि दुकान नित्याप्रमाणे चालू असेपर्यंत तोही बहुधा दडलेला असतो, कारण माळ्यावरचे गाठोडे उतरवण्याची, भिंतीचा पोपडा काढण्याची किंवा कुजलेली तुळई बदलण्याची वेळ डागडुजीखेरीज येत नाही.

या भागातील जुने दुकान ही मुळात घराचीच पुढची बाजू असते. रस्त्यापेक्षा दोन-तीन पायऱ्या उंच असा ओटा, त्यावर पुढे आलेली पडवी, आत गादी-तक्क्याची बैठक व गल्ला, त्यामागे माल ठेवण्याची अंधारी खोली, वर लाकडी माळा आणि सर्वांत मागे राहते घर व विहीर, असा त्याचा आराखडा खोल आणि अरुंद असतो. रस्त्याला लागून असलेली जागा महाग आणि मागची स्वस्त, हे त्याचे साधे कारण. खांब आणि मयाल, म्हणजे आढ्याचा भार पेलणारी मुख्य तुळई, सातपुड्याच्या सागवानाची. भिंती मातीच्या किंवा भाजक्या विटांच्या. छपरावर कुंभाराच्या हातची नळीची कवेलू. ओट्याची उंची पावसाच्या पाण्यासाठी जितकी, तितकीच व्यवहारासाठी असते: गाडीवरचा माल ओट्याच्या पातळीवर थेट उतरवता येतो आणि गिऱ्हाईक ओट्यावर टेकले की ते निम्मे आपले झाले, असे व्यापारी मानतो. सिंगापूरच्या जुन्या दुकानघरांपुढे पाच फुटी छप्परवाट ठेवण्याचा नियम १८२२ च्या नगररचनेतून आला होता. सातपुड्याच्या पायथ्याशी असा नियम कोणी केला नव्हता, तरी ओट्यांची सलग रांग उभी राहिली, आणि पुढे नगरपालिकेच्या गटारीने व रस्त्याच्या रुंदीकरणाने तीच आधी तोडली.

शटर येण्यापूर्वी दुकानाचे तोंड बंद होई ते फळ्यांनी. उंबऱ्यात आणि वरच्या चौकटपट्टीत खाचा पाडलेल्या असत, त्यांत एकेक उभी फळी सरकवत नेली जाई आणि शेवटच्या फळीवर आडवा दांडा घालून कुलूप लावले जाई. प्रत्येक फळी हाताने बेतलेली असल्यामुळे तिची जागा ठरलेली असते, म्हणून सुतार तिच्या आतल्या अंगाला पटाशीने खुणा करतो: एक रेघ, दोन रेघा, कधी मराठी आकडा, कधी फुली. दुरुस्तीच्या वेळी या फळ्या रंधा मारून गुळगुळीत केल्या जातात आणि खुणा नाहीशा होतात. वास्तविक त्या खुणा नीट पाहिल्या तर दुकानाचे मूळ तोंड केवढे होते हे कळते. क्रम मध्येच तुटलेला असेल आणि पुढच्या फळ्यांवर वेगळ्या हाताची, वेगळ्या पद्धतीची खूण असेल, तर दर्शनी भाग कधीतरी वाढवला गेला असे अनुमान करता येते, आणि वाढ कोणत्या बाजूला झाली यावरून शेजारची जागा विकत घेतली गेली की भावकीच्या वाटणीत आली, हा पुढचा प्रश्न विचारता येतो. दस्तऐवज नंतर शोधायचा असतो. प्रश्न मात्र लाकडाने आधीच घालून दिलेला असतो.

लोखंड आणि कौले यांच्यावर तर अक्षरेच असतात. टाटांच्या साकची येथील कारखान्यात (पुढचे जमशेदपूर) पोलाद तयार होऊ लागले ते १९१२ च्या सुमारास, त्यामुळे टाटांच्या नावाचा ठसा असलेला गर्डर त्याआधीचा असू शकत नाही. विलायती कारखान्याचा ठसा मात्र अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन्ही काळांत संभवतो. कौलांच्या बाबतीत फसगत ठरलेली. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे अनेक वर्षे त्या परंपरेतल्या कौलांवर हाच आकडा उमटत राहिला. छपरावरून उतरवलेल्या कौलावर '१८६५' पाहून घरमालकाने दुकान तितके जुने असल्याची पाटी लावावी, यात नवल नाही. पण तो आकडा कारखान्याच्या जन्माचा आहे, कौलाच्या नव्हे. समुद्रकाठी भाजलेले वजनदार कौल सातपुड्याखाली आले असेल तर ते रेल्वेनेच येणे परवडणारे, आणि रेल्वेचा काळ ठाऊक आहे. नागपूरला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये पोहोचली. सौंसरवरून जाणारा नागपूर–छिंदवाडा हा अडीच फुटी अरुंदमापी फाटा बंगाल–नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात घातला. पांढुर्ण्यावरून जाणारा नागपूर–इटारसी हा रुंद मार्ग सलग झाला तो १९२० च्या दशकात. त्याआधी बैलगाडीच्या रस्त्याने कोणी मंगळुरी कौले आणलीच असतील, तर तो घरमालक हौशी तरी असावा किंवा फार पैसेवाला. अरुंदमापी रूळ २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाले आणि २०२१ पासून सौंसरवरून मोठी गाडी धावू लागली.

रेल्वे आली तिचे मूळ कारण कापूस. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले आणि वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीत पैसा खेळू लागला. नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ च्या आरंभी सुरू झाली. पांढुर्णा, सौंसर, मोहगाव आणि लोधीखेडा या गावांत कोष्ट्यांचे माग पूर्वीपासून होते. आता सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस आले, आणि त्यांच्यासोबत अडतीचे दुकान आले. अडत म्हणजे शेतकऱ्याचा माल स्वतः विकत न घेता, दलालीवर तो विकून देण्याचा धंदा. पण अडत्या पेरणीच्या वेळी आगाऊ रक्कम देत असल्याने माल कोणाकडे उतरणार हे आधीच ठरलेले असे. कापसाची खंडी मुंबईच्या बाजारात ७८४ पौंडांची धरली जाई. पौंड गेले, इंग्रज गेले, किलो आले. तरी कापसाचा भाव आजही खंडीवरच बोलला जातो आणि ती खंडी ३५६ किलोंची असते, म्हणजे जुने ७८४ पौंडच. बाजाराच्या सवयी कायद्यापेक्षा चिवट असतात, याचा याहून चांगला दाखला सापडणे कठीण.

दुकानाच्या दुरुस्तीत सर्वांत आधी भंगारात जाते ते वजनांचे खोके. तेथे थांबून पाहिले तर एका पिढीच्या डोळ्यांदेखत झालेली मोठी घडामोड त्या खोक्यात बसलेली दिसते. ब्रिटिश हिंदुस्थानातील चांदीचा रुपया बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम भरे. ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. चाळीस शेरांचा मण, म्हणजे ३७.३२ किलो. त्यामुळे न झिजलेला रुपया हे सोन्या-चांदीच्या, औषधांच्या आणि केशर-वेलदोड्यांच्या दुकानात नाण्याइतकेच वजन म्हणूनही चाले. धान्य मात्र तराजूत कमी आणि पायली-कुडवाच्या मापात जास्त मोजले जाई, आणि माप ओसंडून भरायचे की वरून पट्टी फिरवून, यावर घेणाऱ्या-देणाऱ्यांचे भांडण ठरलेले असे. १९५६ च्या वजने-मापे कायद्याने दशमान पद्धती आली, १९५८ च्या ऑक्टोबरापासून टप्प्याटप्प्याने किलो बाजारात उतरला आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी तो सक्तीचा झाला. त्याआधीच १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले होते. लोखंडी वजनाच्या पोटात शिशाचा एक डाग असतो आणि त्यावर मोजमाप निरीक्षकाने पडताळणीचा छाप मारलेला असतो. छापात वर्षाची आणि तिमाहीची खूण असल्याने वजन किती वर्षे वापरात होते हे कळू शकते. कायदा झाल्यानंतरही शेराची वजने किती दुकानांत मागच्या फडताळात तयार ठेवलेली होती, हे कोणत्याच सरकारी अहवालात येणार नाही. शाळेत पावकी, निमकी, दीडकी, औटकी घोकून घेतली जाई ती याच सोळा आण्यांच्या आणि चाळीस शेरांच्या जगासाठी. दशमान आल्यावर ते पाठांतर एका फटक्यात निरुपयोगी ठरले आणि दुकानात बसलेल्या वडिलांपेक्षा शाळेतून आलेला मुलगा हिशेबात जलद झाला.

खरे दप्तर अर्थात वह्यांचे. लाल कापडाच्या बांधणीची, उभी लांबट वही ही व्यापाऱ्याची ओळख. तिच्या पानांवर छापील रेघा नसतात. कागद दुमडून पाडलेले सळ हेच रकाने असतात. डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे, ही देशी नाम्याची, म्हणजे पारंपरिक हिशेबलेखनाची मांडणी. रोज जसा व्यवहार झाला तसा क्रमाने लिहिला जातो तो रोजमेळ; त्यातूनच प्रत्येक खातेदाराच्या नावाखाली नोंदी वेगळ्या काढल्या जातात ती खतावणी. रक्कम लिहिण्याची रीत नव्या वाचकाला चकवणारी आहे: आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया अर्थात चार आणे, दोन उभ्या रेघा म्हणजे आठ आणे, आणि त्यापुढची प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक आणा. तीनाच्या आकड्यापुढे दोन उभ्या व दोन आडव्या रेघा दिसल्या तर ती रक्कम तीन रुपये दहा आण्यांची. दुरुस्तीच्या घाईत अशा वहीची पाने चाळणाऱ्याला या रेघा सजावट किंवा खाडाखोड वाटतात आणि सगळा हिशेब चुकतो.

लिपीचा आणि तिथीचा गुंता त्याहून मोठा आहे. मराठी कारकुनाने लिहिलेली वही मोडीत असते, मारवाडी पेढीची मुडिया म्हणजे महाजनी लिपीत, आणि स्वातंत्र्यानंतरची बहुधा बालबोध देवनागरीत. एकाच दुकानात तिन्ही हात सापडले तर मुनीम किंवा मालकी बदलल्याचा तो पहिला इशारा. सनही तीन. शक सनात ७८ मिळवले की इसवी सन निघतो, विक्रम संवतातून ५७ किंवा वर्षाच्या काही भागासाठी ५६ वजा करावे लागतात, आणि जुन्या महसुली कागदांवरचा फसली सन ५९० मिळवून वाचावा लागतो. म्हणजे शके १८४५, संवत १९८० आणि फसली १३३३ हे तिन्ही ढोबळमानाने १९२३-२४ च्या आसपासचेच. याहून बारीक अडचण महिन्याची. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, हिंदी पंचांगात पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोन्हींचे महिने जुळतात आणि कृष्ण पक्षात एक महिन्याचा फरक पडतो. पोळा मराठी माणसाच्या लेखी श्रावणाच्या अमावास्येला येतो, तर हिंदी पंचांगानुसार तीच अमावास्या भाद्रपदाची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, पळसाचे झाड आणि त्यावरचे निशाण मिळवण्यासाठी दोन्ही काठांवरून दगड चालतात. हा दिवस दोन्ही पंचांगांत भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचाच. त्या दिवसाला धरून मागे मोजत गेले की लिहिणारा कोणते पंचांग वापरत होता हे ताडता येते. सीमेवरच्या मुलखात ही उठाठेव टाळता येत नाही, कारण एका पेढीवर दोन्ही पंचांगे मानणारी माणसे बसत.

वहीसोबत सुट्या पावत्या आणि हातचिठ्ठ्या येतात. १८९९ च्या मुद्रांक कायद्यानुसार वीस रुपयांवरच्या पावतीला एक आण्याचे तिकीट लावणे बंधनकारक होते, त्यामुळे तारीख फाटलेली असली तरी तिकिटावरचा चेहरा, म्हणजे सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज किंवा स्वातंत्र्यानंतरचा अशोकस्तंभ, काळाची चौकट देतो. चिठ्ठीच्या डोक्यावरचा छापील पत्ताही बोलका असतो. मध्यप्रांत १८६१ साली नागपूर राजधानी करून स्थापन झाला, १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडले गेले, १९३६ मध्ये त्याचे नाव मध्यप्रांत व वऱ्हाड झाले, १९५० मध्ये मध्य प्रदेश झाले, आणि राजधानी मात्र १९५६ पर्यंत नागपूरच राहिली. म्हणून 'सी. पी.' एवढेच लिहिलेला पत्ता, 'सी. पी. अँड बेरार' असा पत्ता आणि 'म. प्र.' असा पत्ता या तीन वेगळ्या काळांच्या खुणा आहेत. अर्थात जुना छापील गठ्ठा संपेपर्यंत वापरणे हा व्यापाऱ्याचा स्वभाव असल्याने अशा खुणेवरून 'याच्या आधी नव्हे' एवढेच खात्रीने म्हणावे. पत्त्यात पिन कोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. टपाल खात्याने महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांना चार हाच पहिला आकडा दिल्यामुळे नागपूर आणि सौंसर निदान त्या एका बाबतीत एकत्र राहिले.

वह्यांचा मजकूर वाचू लागले की गॅझेटियरमध्ये नसलेली पंचक्रोशी समोर येते. खातेदाराच्या नावापुढे गावाचे नाव लिहिण्याची पद्धत असल्यामुळे दुकानाचा पल्ला नकाशावर मांडता येतो, आणि त्यात मोहगाव, रामाकोना, लोधीखेडा, तिगाव यांच्याबरोबर आज महाराष्ट्रात असलेली वरुड, नरखेड, काटोल, सावनेर या बाजूची खेडी सापडली तर आश्चर्य वाटू नये. १९५६ पूर्वी तिकडे जायला राज्य ओलांडावे लागत नव्हते. उधारी मृगापासून चढत जाते आणि कापूस घरात आल्यावर उतरते. संत्र्याच्या बागायतदाराचा क्रम वेगळा, कारण थंडीच्या अखेरीस फुलणारा अंबिया बहार पावसाळ्यानंतर तोडणीला येतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी फुलणारा मृग बहार पुढच्या वर्षाच्या आरंभी. १९३० च्या मंदीत कापसाचे भाव कोसळले तेव्हा मध्यप्रांताने १९३३ साली कर्ज तडजोडीचा कायदा केला आणि १९३४ साली सावकारी कायदा करून सावकाराला हिशेब ठेवण्याचे व कर्जदाराला त्याचे पत्रक देण्याचे बंधन घातले. या दोन तारखांच्या आसपास वहीतले अक्षर एकाएकी नीटनेटके झाले, किंवा एखादी वहीच नाहीशी झाली, तर दोन्ही गोष्टी पुरावाच समजाव्यात. कर्जापोटी गाव मिळवून मालगुजार झालेला, म्हणजे गावाची मालकी घेऊन त्याचा सारा सरकारात भरणारा, व्यापारी १९५१ च्या मालकी हक्क निर्मूलनानंतर पुन्हा निव्वळ दुकानदार झाला. ही घसरण कोणत्याही स्मरणिकेत छापली जात नाही. खतावणीत ती चार पानांत दिसते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिले. या घटनेची चर्चा नेहमी भाषेच्या अंगाने होते, आणि ते योग्यही आहे. परंतु पेठेला तिचा पहिला चटका बसला तो बिलात. मध्यप्रांत व वऱ्हाडचा विक्रीकर कायदा १९४७ चा, आणि त्याखाली नागपूरच्या इतवारीतून आणलेला माल राज्यातल्या राज्यातलाच होता. सीमा आखली गेल्यावर तीच गाडी, तोच घाऊक व्यापारी आणि तोच सावनेरचा रस्ता असूनही व्यवहार आंतरराज्य झाला, १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याखाली आला आणि सवलतीच्या दरासाठी 'सी फॉर्म' नावाचा कागद आवश्यक होऊन बसला. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत साठ वर्षे या भागातल्या दुकानदाराने सीमेचा अर्थ या फॉर्मवरून घेतला. दुकानाच्या माळ्यावर दोऱ्याने बांधलेले त्यांचे गठ्ठे निघतात आणि सर्वांत आधी तेच जाळले जातात, कारण ते अलीकडचे आणि निरर्थक वाटतात. राज्यपुनर्रचनेचा आर्थिक इतिहास या मुलखापुरता कोणाला लिहावासा वाटला, तर त्याला मोडी वह्यांपेक्षा याच गठ्ठ्यांची उणीव अधिक भासेल.

भांड्यांच्या दुकानाची गोष्ट निराळी. लोधीखेडा तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी जुन्या काळापासून नावाजलेले. तांबट पत्रा ठोकून भांडे घडवी आणि कासार ते विकी. लग्नात आंदण दिलेल्या भांड्यावर नाव घालण्याची रीत होती: अणकुचीदार खिळ्याने ठिपक्याठिपक्यांनी देणाऱ्याचे नाव, गाव, कधी नाते आणि तिथी कोरली जाई. मोडीत आलेली भांडी दुकानात वजनावर घेतली जात आणि वितळवण्यासाठी पडून राहत. जुन्या दुकानाच्या कोठीत असा ढीग निघाला तर त्यावरच्या नावा-गावांवरून सोयरीक कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंत होत असे हे काढता येते, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंची गावे एकाच हंड्यावर भेटतात. स्टेनलेस स्टील आल्यावर नाव घालणे विजेच्या पेनने होऊ लागले आणि मजकूर आखडला.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीविषयी. पुरातत्त्व कायद्याचे संरक्षण मिळते ते घोषित स्मारकांना, आणि पेठेतले दुकान तेथवर पोहोचत नाही. इन्टॅक या १९८४ साली स्थापन झालेल्या वारसा संस्थेने २००४ मध्ये अशाच असंरक्षित वास्तूंसाठी एक सनद स्वीकारली आणि तिच्यात पारंपरिक कारागिराच्या ज्ञानाला व जीर्णोद्धाराच्या देशी कल्पनेला मान दिला. वापरात असलेल्या दुकानाला हाच दृष्टिकोन मानवतो, कारण ते संग्रहालयाप्रमाणे गोठवून ठेवता येत नाही, त्याला उद्या सकाळी गिऱ्हाईक लागते. घाण्यात मळलेल्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत अडकते आणि दोन-तीन पावसाळ्यांत विटेचा भुगा होतो. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते, तेव्हा भेग पडली म्हणून भिंत पाडण्याआधी पाया मुरमापर्यंत गेला आहे का ते पाहावे लागते. रंगाचे थर एकदम खरवडू नयेत. तळहाताएवढ्या चौकोनात एकेक थर हलकेच उघडत नेला तर निळीचा चुना, गेरू, तैलरंग आणि त्याखाली पूर्वीच्या पाटीची अक्षरे क्रमाने दिसतात. मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी दुकानांच्या पाट्या कमानी झाकणार नाहीत अशी शिस्त दुकानदारांनाच सोबत घेऊन घालून दिली, आणि युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत २००४ साली त्या कामाची नोंद झाली. तेथे कमानी उघड्या पडल्या. येथे कमानी नाहीत, उघडे पडायचे आहे ते दप्तर. म्हणून दर्शनी भागाला तेल-पॉलिश करून, आत पितळी दिवे टांगून 'वारसा' म्हणून मिरवणारी दुरुस्ती या गावांत झालीच, तर ती पाडकामाहून फारशी बरी ठरणार नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. उधारीच्या वहीतली नावे ज्यांची, त्यांची नातवंडे त्याच गल्लीत राहतात. कोणाच्या आजोबांनी कशासाठी शेत गहाण टाकले हे जाहीर करण्याचा अधिकार वही सापडल्याने मिळत नाही. गावांची नावे, मालाचे भाव, व्याजाचे दर आणि तिथी यांचा अभ्यास नावे झाकूनही पुरेपूर होतो.

पांढुर्णा आणि सौंसरच्या पेठांतील ज्या घरमालकांनी यंदा फळ्या काढून शटर बसवण्याचे ठरवले असेल, त्यांनी कामाला हात घालण्यापूर्वी फळ्यांच्या आतल्या बाजूची, तुळयांवरच्या ठशांची आणि पाटीची छायाचित्रे दुकानाच्या पत्त्यासह काढून ठेवावीत. वजने किलोच्या भावाने घालू नयेत. आणि दिवाळीच्या आवराआवरीत वह्या रद्दीवाल्याला देण्याआधी प्रत्येकीचे पहिले व शेवटचे पान मोडी जाणणाऱ्याला दाखवावे. महाराष्ट्राचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते आणि त्याचे एक कार्यालय नागपुरात आहे.